सहा रुपयांची पिन

तीन मार्च. दिवसभराची विक्री रुपये सव्वीस फक्त.

नमुनेकाकांनी हा आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि वही बायकोला दिसू नये म्हणून खिळ्यांच्या डब्यामागे सरकवली. काकूंनी ती तिथूनच काढली. तीस वर्षांच्या संसारात लपवायच्या जागा संपल्या होत्या.

"सव्वीस," काकू म्हणाल्या. "आणि चहा झाला बत्तीसचा."

काकांचं दुकान नट-बोल्ट, बिजागऱ्या, नळ आणि कुलपांचं. धंद्याचा नियम एकच: मोडलेली वस्तू हातात दिल्याशिवाय नवी मिळणार नाही. कोणी नुसतं "एक स्क्रू द्या" म्हटलं की काका म्हणत, "नमुना आणा." त्यावरूनच हे नाव पडलं. नमुना आला की काका तो उजेडात धरत, कानाशी हलवून बघत आणि बहुतेक वेळा सांगत, "नवा नळ कशाला? दोन रुपयांचा वायसर बदला." गिऱ्हाईक खूश, गल्ला उपाशी.

जानेवारीत समोर मोठं दुकान उघडलं. काचेचं सरकतं दार, आत गारवा, आणि "कशाला हवंय?" असं विचारणारं कोणी नाही. अख्खी गल्ली तिकडे वळली. शिंपी, मास्तरीणबाई, शेजारचे वकील, सगळेच. काकांच्या दुकानासमोरून जाताना मात्र मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालून जात. शिंप्याकडे मोबाईल नव्हता. तो तळहाताकडे बघत जाई.

"महिनाअखेर कुलूप लावा," काकू म्हणाल्या. "भाऊ सांगत होता, समोर दारावर माणूस हवाय. पगार आहे, बसायला खुर्ची आहे."

"कुलूप कुठलं लावू?"

"आपल्याकडचंच लावा. नाहीतरी विकत कोण घेतंय?"

काकांना ते लागलं, पण हिशोबात चूक सापडेना. एकतीस तारीख ठरली. त्या सकाळी त्यांनी एक मोठं पितळी कुलूप काढलं, त्यावरची किमतीची चिठ्ठी सोलली आणि ते टेबलावर ठेवलं.

अकराला समोर सेल सुरू झाला आणि सव्वाअकराला ते सरकतं दार अडकलं. आत बावीस माणसं. मागच्या बाजूला दार होतं, पण त्याला टेकून सेलचे फ्रीज थेट छतापर्यंत रचले होते. मॅनेजरने मुख्य कार्यालयाला फोन लावला. त्यांनी ताबडतोब तक्रार क्रमांक दिला आणि माणूस मंगळवारी येईल असं कळवलं. तो दिवस शनिवार होता.

काका रस्ता ओलांडून गेले. काचेपलीकडे त्यांची तीन महिने हरवलेली गिऱ्हाइकं ओळीने उभी. शिंपी तळहाताकडे बघू लागला. मास्तरीणबाई बादल्यांच्या आड झाल्या. वकिलांनी हातातला नवाकोरा नळ खिशात कोंबला. तो निम्मा बाहेर राहिला.

"दाराच्या चाकाची पिन तुटली हो," मॅनेजर फटीतून म्हणाला. "कसलीही पिन द्या."

"नमुना आणा."

"अहो काका, दार बंद आहे. आणू कसा?"

"खालून सरकवा."

तुटकी पिन फटीतून बाहेर आली. काकांनी ती उजेडात धरली, कानाशी हलवली. "पाच मिलिमीटर. तुमच्याकडे आत असेल की."

"शंभराचं पाकीट आहे. पण सगळ्या चारच्या."

काका दुकानात परतले. काकू टेबलाशी उभ्या होत्या. "कुलूप लावताय ना?"

"थांब. गिऱ्हाईक आहे," काका म्हणाले आणि सातव्या डब्यात हात घातला.

पिन फटीतून आत गेली. "वकीलसाहेब, तो नळ ठेवा आणि दार उचला. शिंपीबुवा, तुम्ही उजवीकडून. माझी उजवी नव्हे, तुमची." आणखी दोघं पुढे आले. चौघांनी दार दोन बोटं उचललं, मॅनेजरने पालथं पडून पिन बसवली आणि दार सुळकन सरकलं.

बाहेर पडताना प्रत्येकाला काहीतरी बोलणं भाग होतं.

"मी नुसती बादली बघत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बघा की. बघायचे पैसे पडत नाहीत."

"काका, हा नळ मला बसेल का?" वकिलांनी विचारलं.

"जुना घेऊन या आधी."

वकिलांनी दुपारी जुना नळ आणला. दोन रुपयांचा वायसर लागला. मागोमाग शिंपी कात्रीचा स्क्रू घेऊन आला, मास्तरीणबाई कडी घेऊन आल्या, मग गल्लीतले बाकीचेही आले. संध्याकाळी काकूंनी वही स्वतः मागून घेतली. रुपये चारशे बारा. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला, पितळी कुलपावर किमतीची चिठ्ठी पुन्हा चिकटवली आणि ते खुंटीला अडकवलं.

"मग नोकरीचं काय सांगू?" काकूंच्या भावाने फोनवर विचारलं.

"सांग, खुर्ची इथेही आहे," काकू म्हणाल्या.

मॅनेजर पिनचे पैसे स्वतःच्या खिशातून देऊ लागला. काका म्हणाले, पिन दुकानाच्या दाराला लागली, पैसे दुकानाने द्यावेत. पण त्या दुकानाला पुरवठादारांच्या यादीबाहेरच्या माणसाला पैसे देता येत नाहीत. यादीत नाव घालायचा अर्ज अकरा पानी, शुल्क पाचशे. काकांनी तो भरला नाही. मॅनेजर घरच्या बिजागऱ्या मात्र काकांकडूनच नेतो, तेही नमुना दाखवून.

सहा रुपये अजून येणे आहेत.