ओढणीखालचा करार

महादेवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये होते. तिचा भाऊ बोलत होता. डेंग्यूचा ताप उतरतोय असं वाटून तो तिला हॉस्टेलवरून दुधनीला, घरी घेऊन गेला होता, आणि तिथून सोलापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मला रडू नंतर आलं, आधी राग आला. पुण्याला येऊन आम्हाला दोन महिनेही झाले नव्हते. अजून तर तिनं इथल्या एकाही प्राध्यापकाशी धड वाद घातला नव्हता!

आमची मैत्री सोलापूरच्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजातली. ‘जागतिक अभ्यास’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तो पुरा केला की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. आमच्या घरी टॉवेलचे माग, बोलणं तेलुगूत. तिच्या घरी धान्याची अडत, बोलणं कन्नडमध्ये. जगाचा अभ्यास करायला आम्ही मराठीत भेटलो. ‘हे शिकून करणार काय?’ असं मला जो तो विचारायचा आणि मी गप्प बसायचे. एकदा तिच्याबरोबर दुधनीला जाताना एसटीत शेजारच्या काकांनी तेच तिला विचारलं. ती म्हणाली, “बर्मात तूर किती पिकली त्यावर आमच्या दुधनीत भाव हलतो, काका. मग बर्मात काय चाललंय ते कळाय नको?” काका अक्कलकोट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

वर्गात एकदा नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन देशांची बैठक भरवली होती. ती वरचा देश, मी खालचा. आम्ही तासभर एकमेकींवर ओरडलो. सर वैतागून चर्चा फिसकटल्याचं जाहीर करणार, इतक्यात तिनं ओढणी काढून आमच्या दोघींच्या हातांवर टाकली आणि खालून माझी बोटं धरली. जुन्या बाजारात व्यापारी असेच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, ते ती आजोबांकडून शिकली होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गुदगुल्या झाल्या म्हणून मी एक बोट सोडवून घेतलं, तर ही ओरडली, “ठरलं! निम्मं पाणी खाली सोडनार!” सर म्हणाले, आंतरराष्ट्रीय करार असे होत नसतात. ती म्हणाली, “उघड्यावर आकडा बोलला की मागं सरता येत न्हाय, सर. लोक बघत्यात की. ओढणीखाली दोघांची अब्रू राहती.” सरांनी तिचे गुण कापले. ते तिनं कधीच मान्य केलं नाही. सर दिसले की ती आपले गुण परत मागायची.

ती गेल्यावर दुधनीला भेटायला गेलो तेव्हा माझे नान्ना, म्हणजे वडील, बरोबर होते. पुण्याचं सामान आता घरी आणायचं, असं त्यांनी मला वाटेतच सांगून टाकलं होतं. तिच्या घरी माणसं बसली होती. त्यातली एक म्हातारी नातेवाईक म्हणाली, “पोरीला लांब शिकाय पाठवली, म्हनून गेली.” नान्नांनी मान डोलावली. महादेवीची आई, आमची अव्वा, भिंतीला टेकून होती. ती ताठ बसली. “ताप आला म्हनून गेली. शिकली म्हनून न्हाय. ताप हितं बी येतो की.” मग ती नान्नांकडे वळली. “माझ्या पोरीचं अर्धं राहिलं. तुमची धडधाकट हाय... तिचं कशापायी अर्धं ठेवताय?” परत जाताना मला पुण्याच्या गाडीत बसवायला, माझी बॅग उचलून, नान्नाच आले.

तेव्हापासून मलाही लोक हळू आवाजात समजावतात. जरा जपून, आता कशाला, घरी राहून काही बघ... माझं उत्तर अव्वानं देऊन टाकलं आहे. माझी मैत्रीण तापानं गेली. तिच्या मरणाचा उपयोग करून कुणी एकाही मुलीला घरी बसवू नये. निदान माझ्यासमोर तरी नाही.

मी हॉस्टेलवरची आम्हा दोघींची खोलीही बदलली नाही. संध्याकाळी अव्वाचा फोन महादेवीला यायचा, आता मला येतो. आधी कन्नडमध्ये ‘ऊटा आयता?’, म्हणजे जेवलीस का. मग मराठीत, “आज काय शिकिवलं?” काल मी दमले होते. म्हटलं, विशेष काही नाही, अव्वा. पलीकडून आवाज आला, “विशेष नसंल तर न्हाई. जे हाय ते सांग की. ती सगळं सांगायची.”

मी उठून बसले आणि पहिल्या तासापासून सुरुवात केली.