मानलेल्या आईचा शब्द

ओब्दुलियाला एखादी गोष्ट कळली की ती आमच्या अख्ख्या गल्लीला कळायची. पीच भरायच्या शेडमध्ये ती माझ्या शेजारी उभी राहते. हात फळांच्या फिरत्या पट्ट्यावर, तोंड जगभर. सीमा ओलांडून आलेल्या आमच्यातल्या निम्म्या बायकांकडे या देशात राहायचे कागद नाहीत, तिच्याकडेही नाहीत. शेडमध्ये ती दुसऱ्याच बाईच्या नावावर काम करते, मार्ता म्हणून. असलं इथं कुणी कुणाला विचारत नाही.

रेमेदिओस तिची कोमाद्रे, म्हणजे लेकराच्या नात्यानं जोडलेली बहीणच. रेमेदिओसच्या इत्सेलला बाप्तिस्म्याच्या वेळी ओब्दुलियानं हातात धरलं, तेव्हापासून ती पोरीची मानलेली आई. मानलेली आई बोलली की आमच्यात सख्खी आई मागे-पुढे बघत नाही.

इत्सेलला दमा. सरकारी विमा होता, पंप फुकट मिळायचा. मागच्या वर्षी रेमेदिओसच्या कायमच्या कागदांचं काम सुरू झालं, आणि नेमकं तेव्हाच ओब्दुलियानं रेडिओवर अर्धंमुर्धं काहीतरी ऐकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अगं, सरकारचं औषध घेणाऱ्यांना कागद देत नाहीत! तो विमा बंद कर आधी."

"आणि पंप?"

"मी कशाला आहे?"

रेमेदिओसनं विमा बंद केला. ओब्दुलियानं पदराला खार लावून पंप आणलेही. पण हंगाम संपला, कमाई आटली, तशी आई पोरीला औषध पुरवून पुरवून देऊ लागली. त्यातच बागांमध्ये यंत्रानं बदाम झाडायचे दिवस आले. सगळीकडे धूळच धूळ. इत्सेलचे ओठ निळे पडले.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "मुलगी इथंच जन्मलेली आहे, इथलीच नागरिक आहे. तिच्या विम्याचा आईच्या कागदांशी काय संबंध?"

ओब्दुलिया भिंतीला टेकून खालीच बसली. "मी केलं हे," एवढंच पुटपुटत राहिली.

पोरगी वाचली, पण जिना चढताना अजून मध्येच थांबते. ते बघितलं की ओब्दुलिया मान वळवते. विमा परत घे म्हणून ती रेमेदिओसच्या मागे लागली, पण रेमेदिओस आता सरकारी दाराजवळ जायलाही तयार नव्हती.

"काही होणार नाही म्हणतेस? घे पोरीची शपथ."

ओब्दुलिया विचारात पडली. उद्या नियम फिरले तर? खोटं सांगताना जी जीभ अडली नव्हती, ती खरं सांगताना उचलेना.

"शपथ नाही घेत. पण चल."

"मग विम्याच्या ऑफिसात काउंटरवर आधी तू जा. स्वतःचं खरं नाव सांग. तुला कुणी धरलं नाही, तर मी उठते."

मला संताप आला. पोरीला श्वास पुरत नाही आणि ही बाई अटी घालतेय! पण विश्वास ठेवून तिनं काय भोगलं होतं, तेही मी पाहिलं होतं. मीच गाडी काढली.

काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं.

"ओब्दुलिया सांदोव्हाल बार्राहास," ती म्हणाली. "या पोरीची मानलेली आई. तिची आई ती तिथं बसलीये."

तिला धरायला कुणी आलं नाही. थोड्या वेळानं रेमेदिओस इत्सेलचा हात धरून उठली आणि काउंटरपाशी गेली.

परतताना गाडीत ओब्दुलिया म्हणाली, "कोमाद्रे, मला माफ कर."

"माफ काय करायचं?" रेमेदिओस खिडकीबाहेर बघत म्हणाली. "विमा बंद केला तोही तुझ्याच शब्दावर, आज उठले तीही तुझ्याच. मला दुसरं आहे कोण?"

मागच्या सीटवर ओब्दुलिया तोंडावर हात दाबून रडत होती, आणि इत्सेल तिची पाठ थोपटत होती.