जयवंताबाईंची दुसरी साक्ष

जयवंताबाईंना साक्ष द्यायचा कंटाळा आला होता. पण हे बोलायची सोय नव्हती. पांढुर्ण्याच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात बाहेरचा पाहुणा आला, की पास्टर चेतन आधी त्याला चहा विचारायचे आणि मग जयवंताबाईंकडे बघायचे.

देवाने आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ही साक्ष. बाईंची साक्ष एकच आणि चांगलीच मुरलेली. रामाकोन्याला राहत असताना त्यांचा लहानगा संदीप टायफॉइडने निपचित पडला होता. डॉक्टरांनी हात टेकले. मंडळी खाटेभोवती गुडघ्यांवर बसली आणि सकाळी पोरगं उठून म्हणालं, "माय, भूक लागली." इथे सगळ्यांनी 'हालेलुया' म्हणायचं, हे ज्याला त्याला पाठ होतं. संदीप आता पुण्याला नोकरी करतो, डोक्यावरचे केसही विरळ झालेत. साक्षीत मात्र तो अजून त्या खाटेवरून उठतोच आहे.

खोटं त्यात काही नव्हतं. पण सांगून सांगून ती गोष्ट धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी झाली होती. सांगताना बाईंना ना ते पोर दिसे, ना ती सकाळ. नुसते शब्द बाहेर पडत आणि खाली बसताना गुडघे दुखत.

त्यांच्यापाशी दुसरी एक गोष्ट होती, ती कधी कुणी मागितली नाही. त्यांचे यजमान पुंडलिकराव आजारी पडले तेव्हाही इथल्या मंडळींनी उपास धरले होते. माणूस गेला तो गेलाच. त्याची कसली साक्ष? साक्षीच्या शेवटी दुखणं बरं व्हावं लागतं, नोकरी लागावी लागते, निदान हरवलेली म्हैस तरी दारात यावी लागते.

त्या रविवारी शेजारची शीतल सोबत होती. तिचा नवरा विनोद पावसाळ्यात काविळीने गेला होता. वाटेत पोरगी म्हणाली, "मावशी, आजच्या दिवस येते. पुढच्या रविवारपासून नाही येत मी."

"काऊन वं?"

"तिथं सारे सांगतात, देवानं हे केलं, देवानं ते केलं. मायापाशी काय हाय सांगायले? माया नवऱ्यासाठी तर सारी मंडळी देवापाशी रडली होती. मले आता त्याचा रागच येते."

 बाई तिच्या बाजूने पाय ओढत चालत राहिल्या.

त्या दिवशी आलेले पाहुणे बैतूलचे होते. गाणी झाली, बायबलचं वचन वाचून झालं आणि चेतन नेहमीसारखे हसून म्हणाले, "बाई, पाहुण्यांना संदीपभाऊची साक्ष सांगा."

शीतल दाराशी, चपलांजवळ बसली होती. तिने पिशवी ओढली आणि उठायला लागली. भिंतीला धरून जयवंताबाईही उठल्या.

"प्रभूची स्तुती असो. माया संदीप लहान होता..." आणि त्या थांबल्या. हेच आज पुन्हा सांगितलं, तर ही पोरगी हातची गेली, एवढं त्यांना लख्ख कळलं.

"ते तुमाले माहीत हाय. आज संदीपच्या बाबाचं सांगते. आपण सारे रडलो, तरी ते गेले. मंग वर्षभर मी प्रार्थनाच केली नाही. इथं येऊन बसे, डोये मिटे, पण आतून तोंड बंद. एका दुपारी मंडीत संत्री निवडून राहिली होती. हात चालून राहिले होते, अन् मनातल्या मनात मी देवाले शिव्या देऊन राहिली होती. तुले मायाच घर दिसलं का? पोट्टा वाचवला, तं नवरा कायले नेला? लय बोलली. बोलता बोलता हात थांबला. म्हटलं, जयवंता, तू कोणाशी बोलून राहिली? जो नाहीच, त्याच्यावर कोणी इतकं चिडते का? तो होता. ढिगाच्या पलीकडं बाया बसतात ना, तसा समोर. सारं ऐकून राहिला होता."

हालेलुया कुठे म्हणायचं, ते कुणाला कळेना. पाहुण्यांनीच विचारलं, "मग प्रभू काय बोलला?"

"काही नाही. नवराही वापस नाही देला. उठून गेला नाही, एवढंच."

त्या बसल्या. चेतननी घसा खाकरून घाईघाईने पुढचं गाणं सुरू केलं. पुंडलिकरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी डोळ्यांपुढे नीट आला होता. दाराकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

बाहेर पडल्या तेव्हा शीतल रस्त्याच्या कडेला उभी होती. दोघी उन्हातून निघाल्या.

"मावशी, खरंच शिव्या देल्या?"

"देल्या."

"त्याले चालते?"

"माया तं चालल्या."

थोडं पुढे गेल्यावर शीतलचे ओठ हलायला लागले. आधी नुसतं पुटपुटणं होतं. मग ती पुलाजवळ थांबली आणि हुंदका फुटून मोठ्याने म्हणाली, "तुले मायी काहीच दया नाही आली का रे?"

जयवंताबाई उत्तर द्यायला वळल्या. तिची नजर आपल्याकडे नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. गुडघे ठणकत होते, पुलाच्या कठड्यावर घडीभर टेकावं असं फार वाटत होतं. तरी त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि चालायला लागल्या.

"बोल तू," त्या म्हणाल्या. "मी पुढं होते."