पाहुण्यांचा चहा

चहाला तिने हात लावला नाही. मी कप पुढे सरकवला, तो तिने बोटाच्या टोकाने मागे ढकलला. "मी बाहेर कुठे घेत नाही," म्हणाली.

आधी तर घेणार होती. मराठी घर पाहून किती बरं वाटलं, असं दारातच म्हणाली होती. मग नागपूरच्या कुठल्या, आडनाव काय, आणि तेवढ्यात भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो दिसला. तिचा चेहरा पाहिला मी. तो चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत भेटेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

ती दुभाषी होती. सोबत भत्त्याच्या ऑफिसची अमेरिकन बाई. मला अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, दुकानातली नोकरी गेली. नवरा आधीच गेलेला. गरीब अपंगाला सरकार देतं तो भत्ता मिळतो. मदतनीस लागत असेल तर त्यावर जादा भत्ता असतो. तो मला हवा होता. आंघोळीसाठी. टबात एकदा पडले, शेजारीण येईपर्यंत ओल्या अंगाने तशीच पडून होते. लाज वाटते सांगायला, पण सांगते.

तर माणसं तपासायला येणार म्हणून मी काय करावं? घर आवरलं, एका हाताने. चांगला ड्रेस चढवला. भिंतीला टेकत एकेक कप आणला, बोटांवर चहा सांडला, तरी हसत राहिले. आलेल्याला चहाशिवाय पाठवायचं नाही, हे आईने हाडात घातलेलं. अमेरिकन बाई चहा प्यायली, छान म्हणाली, लिहून घेतलं. घरातलं सगळं मी करते का, असं तिने विचारलं, तेव्हा दुभाषीने मला विचारलंच नाही. परस्पर सांगून टाकलं, "शी मॅनेजेस एव्हरीथिंग."

एवढं इंग्रजी मला कळतं हो. इतकी वर्षं दुकानात काय झक मारत होते? मी म्हटलं, बाई, मला आंघोळ जमत नाही, ते सांगा. ती गोड आवाजात मराठीत म्हणाली,

"सवलतींची सवय लागली की माणसाला उठवत नाही."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा आजही संताप येतो.

नकार आला. कारण काय, तर ही बाई चहा करून पाहुण्यांना देते. एकीला माझा चहा चालला नाही. दुसरीने तो पिऊन माझ्याच विरुद्ध लिहिला.

अपील केलं. परवा दोघी पुन्हा आल्या. दुभाषी तीच. या वेळी घर आवरलं नव्हतं. बेल वाजली तेव्हा खुर्चीतूनच ओरडले, दार उघडं आहे. दुभाषीने तोंड उघडलं तशी मी ऑफिसच्या बाईला म्हटलं, "नो. शी नॉट टॉक फॉर मी. आय टॉक." मोडकंतोडकं बोलले, पण मी बोलले. टबाचं सांगितलं, पडल्याचं सांगितलं, नागडी पडून राहिले तेही सांगितलं.

दुभाषीला रिकामं बसवेना. "पाहुण्यांना पाणी तरी विचारा," म्हणाली.

"नळ तिकडे आहे," मी म्हटलं. "आमच्या घरचं चालत असेल तर घ्या."

ती जागची हलली नाही.

निकाल यायचाय. नाही म्हणाले तर पुन्हा अपील करीन, त्यानंतरही करीन. गावात मोठ्या घरचं कुणी रस्त्याने गेलं तरी माझी आई दुखऱ्या गुडघ्यांनी उठून उभी राहायची. मी या खुर्चीतून आता कुणासाठीही उठणार नाही.