जोडीचं माप

लग्नात हार घालायच्या वेळी सासू ललिताच्या कानाशी कुजबुजली होती, "गुडघ्यात वाक गं जरा. फोटो निघतोय." पांढऱ्या साडीच्या निऱ्यांआड ललिता वाकली. फोटोत नवरा-बायको खांद्याला खांदा लावून सारखे दिसले. तो फोटो सिडकोतल्या घरात टीव्हीच्या वर लागला आणि येणारा-जाणारा म्हणू लागला, काय जोडी आहे! त्यानंतर ललिता सरळ उभी राहिलीच नाही. पाठीला पोक काढून चालायची, नवरा, भारत, शेजारी असला की थोडं जास्तच. अंगवळणी पडलं. आणि भारतलाही ते खरंच वाटू लागलं. आपण दोघं एका उंचीचे आहोत, हे तो कुणालाही शपथेवर सांगेल.

ललिता अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला. सकाळी भारत मोटरसायकलवर सोडायचा, दुपारी शिफ्ट सुटली की गेटवर हजर. बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई! आमचे तर चहासुद्धा हातात आणून द्यायचे नाहीत."

नशीब कसलं डोंबलाचं! त्याच बायका शिफ्ट सुटल्यावर गेटजवळच्या कडुनिंबाखाली बसायच्या. कंत्राटदार अधूनमधून कामावरून काढून ब्रेक देतो, पुन्हा नव्यानं घेतो, कायम मात्र कुणालाच करत नाही, त्याचं काय करायचं ते ठरवायच्या. ललिताला त्यात बसायचं होतं. बोलायचंही होतं, जिभेला धार कमी नव्हती. पण बूड टेकतंय तोच हॉर्न. एकदा लांबलचक, मग दोनदा लागोपाठ. ललिता वाक्य अर्धं टाकून उठायची. भारत मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता, हीच तर पंचाईत. मारणाऱ्याला चार लोक नावं तरी ठेवतात. न्यायला येणाऱ्याला कोण ठेवणार?

जूनमध्ये भारतला शाळेच्या व्हॅनवर काम लागलं. सकाळी पोरांना उचलायची वेळ आणि ललिताची शिफ्ट लागायची वेळ एकच. तेव्हा ललितानं सायकलचा विषय काढला. माहेरी चांदवडला ती भावाच्या सायकलवर शाळेत जायची. भारतनं दोन दिवस तोंड पाडून काढले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "घेऊ. पण मी बघून घेणार."

शालिमारच्या पुढं हर्षलचं सायकलचं दुकान. गंगापूर रोडची घट्ट चड्ड्यांतली सायकलवाली मंडळीही त्याच्याकडेच येतात. हर्षल म्हणाला, "वहिनी, चप्पल काढा. भिंतीला पाठ लावून सरळ उभ्या राहा. हे पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून वर ओढायचं, सीटवर बसल्यावर टेकतं तसं. तिथून जमिनीपर्यंत टेप लावतो. पायाच्या आतल्या मापावरून फ्रेम ठरते."

दुकानात चार गिऱ्हाईकं, फुटपाथवर दोन रिक्षावाले. भारतचा चेहरा लाल झाला.

"चारचौघांत बाईमाणसाला काय उभं करता? माझं घ्या माप."

"दादा, चालवणार कोण?"

"तीच. पण आम्ही जोडीनं सारखे आहोत. वाटलं तर घरी येऊन फोटो बघा."

हर्षलनं एकदा ललिताकडे पाहिलं. ललितानं चप्पल काढलेली होती. ती तिनं परत पायात घातली. तोंड उघडलं असतं तर सायकलच गेली असती, हे ती जाणून होती. भारत भिंतीला लागला, पुस्तक पायांत धरलं, छाती फुगवून उभा राहिला. त्याचं माप निघालं. त्या मापाची लेडीज सायकल घरी आली, जांभळी, पुढं जाळीची टोपली. टोपलीत भारतनं स्वतः पेढे ठेवून गल्लीत वाटले.

आणि पहिल्याच आठवड्यात ललिताच्या गुडघ्यांची वाट लागली. पायडल वर आलं की गुडघा हँडलला धडकायचा. हँडल खाली, पाठ वाकलेली. सीट वर करून पाहिली. सीटच्या खांबावर एक रेघ असते, तिच्या वर काढायची नाही, ती रेघही संपली. गल्लीतली पोरं ओरडायची, "सर्कस आली, सर्कस!" उतरली की तिला कंबर धरून जिना चढावा लागायचा.

भारतनं स्वतःच्या हातानं गुडघ्यांना तेल लावलं. लावता लावता म्हणाला, "बघितलंस? नाही झेपत तुला सायकल. मी बोललोय व्हॅनच्या शेठशी. सोमवारपासून तुला आधी सोडणार, मग पोरं उचलणार. सायकल टाकू विकून."

किती प्रेमानं म्हणाला! ललिताला ऐकू आला तो फक्त हॉर्न. एकदा लांबलचक, मग दोनदा.

शनिवारी भारत भाडं घेऊन विंचूरला गेला तेव्हा ती उठली. टीव्हीशेजारी भिंतीला पाठ लावली. आता पुस्तक हवं. घरात जाड पुठ्ठ्याचं पुस्तक एकच, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवरचं. त्याच्याकडे हात गेला आणि विस्तव लागल्यासारखा मागं आला. ते पायात? छे! मोरीतलं कपडे बडवायचं धोपटणं तिनं आणलं, पुसलं, आणि हाक मारली, "आई, जरा टेप धरता का?"

झुंबरबाई चष्मा सावरत आल्या. सुनेच्या पायांत धोपटणं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "काय गं हे सोंग? कुणी पाह्यलं तर काय म्हनल?"

"दार लावलंय. तुम्ही फक्त खाली धरा. आणि ही पेन्सिल, डोक्याशीही खूण करा."

ललितानं टाचा भिंतीला टेकवल्या. कंबर टेकवली. मग खांदे. पाठ कुरकुरली, किती वर्षांनी एवढी ताणली होती कोण जाणे. शेवटी डोकं टेकलं. झुंबरबाईंना पेन्सिल टेकवायला हात वर करावा लागला, पुरेना, तेव्हा पाटावर चढावं लागलं. खूण झाली, ती लग्नाच्या फोटोच्या खालच्या कडेच्याही वर. म्हातारी पाटावरच थांबली. खुणेकडे बघितलं, फोटोकडे बघितलं.

"एवढी उंच कवा झाली गं तू?"

"आले तेव्हाच होते, आई."

झुंबरबाई पाटावरून उतरल्या. पदरानं खूण पुसू लागल्या. "ऱ्हाऊ नको देऊ हे. त्याला दिसंल. लय मनाला लावून घेतो तो." रंगाच्या भिंतीवर पेन्सिल पुसली की पसरते. खूण गेली नाही, काळा डाग झाला.

रविवारी ललिता जांभळ्या सायकलवरून, गुडघे बाहेर काढत, शालिमारला गेली. एकटी. हर्षलनं तिचा आकडा ऐकला, तरी म्हणाला, "इथं एकदा घेऊ, खात्री होईल." रविवारची गर्दी होती. रिक्षावाले तेच. ललितानं चप्पल काढली, पुस्तक घेतलं, भिंतीला लागली. एक रिक्षावाला हसला तेव्हा ती तिथूनच बोलली, "काय रे, तुझंही माप घ्यायचंय का? ये, लाइन लाव." बाकीचे त्यालाच हसले.

हर्षलनं डोकं खाजवलं. "वहिनी, लेडीजमध्ये या मापाची माझ्याकडे नाही. येतच नाही. दांडीवाली घ्यावी लागेल, जेन्ट्स."

येतच नाही! म्हणजे बाईनं उंच व्हायचं तेही दुकानदाराला विचारून. ललिता म्हणाली, "दांडी तर दांडी. बदलून दे." हर्षलनं टोपलीवरचे ओरखडे बघितले, न बघितल्यासारखं केलं आणि काळी, उंच सायकल बाहेर काढली. ललितानं ड्रेसची ओढणी कमरेला बांधली, पाय दांडीवरून टाकला. पायडल खाली गेलं, पाय जवळजवळ सरळ झाला. हँडल हाताशी आलं. पाठ आपोआप वर. त्र्यंबक नाक्याच्या उतारावर तिला एकदम रडू आलं, मग तिनं स्वतःलाच एक शिवी घातली आणि ब्रेक दाबला.

घराखाली भारत उभाच होता. सायकल बघितली, बायको बघितली. हँडल हातात घेऊन स्वार झाला. दांडीवर अडकला. पाय जमिनीला लागेनात, अंगठे चाचपडत राहिले, आणि समोरच्या पोरांनी तोंडावर हात धरले. तो उतरला. वर जाऊन भिंतीवरचा काळा डाग बघितला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

जेवताना म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं होतं?"

भाकरी तशीच ताटात राहिली. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "ठीक आहे. सकाळी जा सायकलवर. दुपारी पोरं सोडली की मी येत जाईन. ट्रकची लाइन असते एमआयडीसीत, एकटी नको."

म्हणजे सुटका नाहीच.

सोमवारी शिफ्ट सुटली. बायका कडुनिंबाखाली बसल्या. ललिताही बसली. कंत्राटदाराच्या ब्रेकचं बोलणं निघालं आणि तिचंच वाक्य चालू असताना गेटवरून हॉर्न आला. एकदा लांबलचक. बायकांनी सवयीनं तिला जागा करून दिली, उठायला. ललिताचे गुडघे खरंच हलले. मग दोनदा लागोपाठ वाजला. समोर झाडाला टेकलेली काळी सायकल दिसत होती. तिनं मांडी घट्ट केली आणि वाक्य पुरं केलं. "नोटीस लेखी मागायची. तोंडी ऐकायचं नाही." मग दुसरं वाक्य बोलली. हॉर्न पुन्हा वाजला, आणखी एकदा वाजला, मग बंद झाला.

बोलणं संपल्यावर ती निघाली. भारत गेटबाहेर घामानं चिंब. "ऐकू येत नाही का?"

"येतं की."

ती सायकलवर चढली. तो मागं. सायकलच्या चालीनं मोटरसायकल चालत नाही. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, दर थोड्या अंतरावर पाय टेकत तो येत राहिला. त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे घराचं वळण आलं. मागून हॉर्न वाजला, वळ म्हणून. तिला वळायचंच होतं, स्वयंपाक पडला होता. पण तिनं हँडल सरळ धरलं, वळण मागं टाकलं आणि पुढच्या चौकातून वळसा घालून घरी आली.

तोही मागोमाग आलाच.