परत सांग मास्तर

कोणी प्रार्थना करत असताना त्याला मध्येच थांबवून व्याकरण सुधारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही डोळे मिटून "हे प्रभू, तुझ्या कृपेच्या महान विपुलतेच्या सामर्थ्याने" अशी सुरुवात केली की मागून शांत आवाज यायचा, "देवाला कळलं असेल. मला नाही कळलं. परत सांग." रत्नागिरीच्या आमच्या बायबल कॉलेजात ते अगदी स्थापनेच्या पहिल्या दिवसापासून मराठी शिकवायचे. आमच्यासाठी ते परत सांग मास्तर.

कॉलेज म्हणजे मांडवी किनाऱ्याच्या मागच्या अंगाला जांभ्याच्या तीन खोल्या आणि त्यांच्यापेक्षा रुंद वाटणारी पाटी. विद्यार्थी अकरा. पाहुणे आले की प्राचार्य "आमचा परिसर" असा शब्द वापरत. परिसरात एक विहीर, दोन माड आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या होत्या. वर्गात कोणी जाहीर सभेचा आवाज काढला की मास्तर खिडकीबाहेर बोट दाखवत. "त्या कोंबड्यांचंही तारण करायचंय काय रे मेल्या? हळू बोल."

पहिल्या वर्षी मला मंडणगडकडच्या एका वाडीवर सुवार्ता सांगायला पाठवलं. अंगणात दहा-बारा माणसं जमली. मी उभा राहून म्हणालो, "मी साक्ष द्यायला आलो आहे." देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं म्हणजे साक्ष, आमच्याकडे हा रोजचा शब्द. पण त्या वाडीत दोन घरांचा बांधावरून कोर्टात खटला चालू होता. एक म्हातारा ताडकन उठला. "कुनाच्या बाजून देनार? आनि तुला आनलान कोनी?" दुसऱ्या घराची माणसं त्याच्याकडेच संशयाने बघायला लागली. पुढचा अर्धा तास मी कोणाचाच साक्षीदार नाही हे पटवण्यात गेला. सुवार्ता राहिली, चहा मात्र मिळाला, दोन्ही घरचा.

परत आल्यावर सगळे पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. "म्हाताऱ्याने बरोबर विचारलं," ते म्हणाले. "तू स्वतः काय पाहिलंस?" मी पाठ केलेलं धडाधड म्हटलं. "हे माझ्या वहीतलं झालं. तुझं सांग. परत सांग."

ते मला वर्षभर सांगता आलं नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडायचं ठरवलं आणि घाबरत आधी त्यांच्याकडे गेलो. "मास्तर, माझा विश्वास बसत नाही. मी जातो." त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुझं वाक्य पहिल्यांदाच एका दमात नीट आलं. जेवून जा. बांगडे आहेत."

मी सरकारी कचेरीत कारकून झालो, पण त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही. गेल्या वर्षी कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघायची ठरली, तेव्हा इतिहास लिहिण्याचं काम निवृत्त मास्तरांकडे आलं. हात थरथरायचा, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. त्यांनी सगळ्यांना घेतलं होतं: पाळक झालेल्यांना, एसटी चालवणाऱ्याला, बुरोंडीला जाळी विणणाऱ्याला, आणि अर्ध्यावर सोडून गेलेल्यांनाही. माझी ओळ मात्र त्यांनी मला लिहू दिली नाही. स्वतः लिहिली आणि पान उलटं ठेवलं.

नव्या प्राचार्यांनी वाचून मान हलवली. "मास्तर, हा गौरवग्रंथ आहे. पदविका घेतली त्यांचीच नावं ठेवू."

"गेले म्हणून आलेच नव्हते, असं होत नाही सर."

"पण काहीतरी नियम नको?"

"मग माझंही काढा. माझ्याकडे कुठाय इथली पदविका?"

प्राचार्य हसले. "तुमच्यावर तर रंगीत पान आहे, फोटोसकट!"

"ते पान पोरांना द्या. सगळी बसतील."

प्राचार्यांना वाटलं, म्हातारा रुसलाय, उद्या विसरेल. मास्तरांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि एकेक पान उलटत, जिथे जिथे स्वतःचं नाव होतं तिथे तिथे सावकाश रेघ मारली. शेवटी प्राचार्य म्हणाले, "बरं, राहू देत मुलांची." मास्तरांनी मारलेली रेघ मात्र पुसली नाही. स्वतःबद्दलचं एक वाक्य तेवढं त्यांनी मला बदलून लिहायला सांगितलं.

स्मरणिका छापून आली तेव्हा मास्तर जाऊन दोन महिने झाले होते. समारंभात शाली, नारळ आणि पाच पाहुण्यांची भाषणं झाली. मी मागच्या खुर्चीत बसून माझी ओळ शोधली. "दुसऱ्या वर्षी सोडले. जाताना खरे बोलला."

मग पुढचं पान उघडलं. "मराठी हा विषय येथे पहिल्या दिवसापासून शिकवला गेला." कोणी, ते दिलेलं नाही. सोडून गेलेल्यांची नावं मात्र सगळी आहेत, आणि एकाही नावात शुद्धलेखनाची चूक नाही.