व्याह्यांचं गाव

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण आधी पूर्ण ऐका.

ग्लासगोतला साधासा शनिवार. मी फ्रीजर डीफ्रॉस्ट करत होते, दोन्ही हात बर्फात, आणि केंब्रिजहून लेकीचा फोन.

"आई, तुला एक गोष्ट सांगायची आहे. मी आणि पाब्लो लग्न करतोय."

पाब्लो तिच्याच लॅबमधला, स्पॅनिश. मुलगा मला आवडलेला होता.

"आडनाव काय गं त्याचं?"

"एक्सपोसितो."

"गाव कुठलं?"

"आई, प्लीज!"

आता प्लीज काय? आडनाव कळल्यावर माणूस दुसरं काय विचारतो? एरवी ही चौकशी ह्यांनीच केली असती. हे जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता सगळं मलाच करायचं होतं, आणि कशात काही कमी पडू नये एवढीच धास्ती होती.

आपल्याकडे आडनावातच गाव असतं, तसंच तिकडेही असणार, म्हणून लायब्ररीतून स्पेनचा मोठा नकाशा आणला. भिंग घेऊन बसले. एक्सपोसितो कुठेच नाही! पण आपली तरी सगळी गावं नकाशात कुठे असतात? लहानसं असणार, झालं.

मैत्रीण सुलभा म्हणाली, "डोंगरात असेल गं. ऑलिव्हच्या बागा असणार व्याह्यांच्या!"

"असतील की," मी म्हटलं.

आठवड्याभरात मंडळात सगळ्यांना त्या बागा ठाऊक! आणि पुण्याहून छापून आणलेल्या मराठी पत्रिकेत, वराच्या वडिलांच्या नावाखाली, मी ऐटीत घातलं: मुक्काम पोस्ट एक्सपोसितो, स्पेन.

व्याही जेवायला आले तेव्हा पत्रिका त्यांच्या हातात दिली. नावाखाली काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. लेकीने वाचलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, काय केलंस तू!"

"तुमचं गाव," मीच त्यांना इंग्रजीत सांगितलं. अभिमानाने!

ते हळूच म्हणाले, "असं गाव नाही, मॅडम. एक्सपोसितो म्हणजे बाहेर ठेवलेला. अनाथाश्रमाच्या दारात सोडलेल्या बाळांना हे आडनाव देत असत. माझे आजोबा तसेच सापडले. कुठले, कुणाचे, कुणालाच माहीत नाही."

मनात म्हटलं, मोडलं लेकीचं लग्न, आणि तेही माझ्या हातून!

व्याह्यांनी पत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली.

"आजवर आम्हाला कुणी गाव दिलं नव्हतं," ते म्हणाले. "अजून दहा मिळतील? भावंडांना पाठवतो."

जन्मभर लोकांना गाव विचारत आले, आणि शेवटी एक वसवूनच बसले! पत्रिका मी दहाच्या वीस दिल्या. त्यांची माफी मागायची मात्र राहूनच गेली.